नाव बदललं, आकडा तोच

ऑनलाइन गेममध्ये नाव बदलायला गेलं की आधी नकार पदरात पडतो. ‘हे नाव आधीच घेतलेलं आहे.’ राजे गेलेलं असतं, वाघ गेलेलं असतं, पैलवान तर कधीचंच गेलेलं असतं. मग पोरं मागे गाडीचा नंबर लावतात. साताऱ्याचा असेल तर ११, सांगलीचा १०, कऱ्हाडचा ५०, कारण आरटीओची पाटी आपल्याकडे आडनावाइतकीच अभिमानाची. तेही गेलेलं असतं. मग नावाला दोन्ही बाजूंनी पंख फुटतात, मध्ये तलवार येते, अक्षरं तिरकी, जाड, वेलबुट्टीदार होतात आणि शेवटी गेम म्हणतो, ठीक आहे, हे चालेल.

ते पंख तुम्ही पाहिले असतील. पब्जी किंवा फ्री फायर खेळणाऱ्या कुठल्याही भाच्याच्या मोबाईलमध्ये डोकवा, नावाच्या दोन टोकांना कमानीसारखी नक्षी दिसेल. ती नक्षी कुठल्या गेम कंपनीच्या चित्रकाराने काढलेली नाही. ती जावा बेटावरच्या लिपीतली चिन्हं आहेत. जुन्या जावानीज लेखनात मथळा सजवायला तो डाव्या-उजव्या बाजूंनी अशा नक्षीत बसवत. २००९ साली जगभरच्या लिप्यांच्या सामायिक यादीत, म्हणजे युनिकोडमध्ये, जावानीज लिपी आली आणि तिच्याबरोबर ही दोन चिन्हंही आली. कोणी तरी ती शोधून काढली, नावाला लावली आणि इंडोनेशियातल्या पोथीची कमान पलूस-तासगावच्या पोरांच्या नावावर येऊन बसली.

बरं, ही लिपी आपल्याला अगदी परकी आहे असंही नाही. जावानीज लिपी कवी लिपीतून आली, कवी पल्लवांच्या लिपीतून, पल्लव लिपी ब्राह्मीतून. देवनागरीही ब्राह्मीचीच लेक. मध्य प्रदेशात भारहूतच्या स्तूपावर ब्राह्मीत कोरलेले दात्यांचे लेख आहेत आणि त्यात ‘कराहकट’ या गावाचं नाव येतं. ते गाव म्हणजे आजचं कऱ्हाड असं अभ्यासक मानतात. दोन हजार वर्षांपूर्वी कऱ्हाडकरांनी परमुलखात आपल्या गावाचं नाव ज्या लिपीत लावलं, तिच्याच दूरच्या पणतीची नक्षी आज कऱ्हाडचं पोरगं आपल्या नावाला लावतं. त्याला हे ठाऊक असायची काहीच गरज नाही, पण मला ठाऊक झाल्यापासून त्या पंखांकडे मी जरा आदराने बघतो.

तिरकी, जाड अक्षरं तर आणखी गमतीची. ती गणितज्ञांसाठी २००१ साली युनिकोडमध्ये घातली. समीकरणात साधा ‘ए’ आणि जाड ‘ए’ यांचे अर्थ वेगळे असू शकतात, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र आकडा दिला. गणितज्ञांपेक्षा त्यांचा वापर आता गेम खेळणारेच जास्त करत असतील असा माझा दाट संशय आहे. आणि ज्यांना नावच नको असतं, म्हणजे डोक्यावर कोरी जागा दिसावी अशी हौस असते, ते कोरियन लिपीतलं एक अदृश्य अक्षर वापरतात. कोरियन अक्षर हे दोन-तीन वर्णांच्या जुळणीतून बनतं. जुळणीत एखादी जागा रिकामी असेल तर ती धरून ठेवायला हे अक्षर ठेवलेलं आहे. डोळ्यांना ते दिसत नाही, पण युनिकोडच्या दप्तरी ते चांगलं ‘अक्षर’ आहे. नावात नुसती मोकळी जागा चालणार नाही असा नियम ज्या गेमने केला, त्याचा पहारेकरी याला अक्षर समजून आत सोडतो.

नाव म्हणजे गेमच्या लेखी आकड्यांची माळ असते, एवढं एकदा ध्यानात आलं की पुढच्या चमत्कारांची कुलपं उघडायला लागतात. ‘कऱ्हाडकर’ हेच नाव घ्या. आपण बोटांवर मोजलं तर पाच अक्षरं: क, ऱ्हा, ड, क, र. यंत्र मात्र आठ मोजतं. क, मग ‘ऱ’, मग हलन्ताची खूण, मग ह, मग काना, मग ड, क, र. प्रत्येकाला आपला वेगळा आकडा. साठवताना देवनागरीच्या प्रत्येक आकड्याला तीन बाइट लागतात, म्हणजे हे पाच अक्षरांचं नाव चोवीस बाइट जागा खातं. तेवढ्या जागेत इंग्रजी लिपीतली चोवीस अक्षरं मावतात. नावाची मर्यादा बाइटमध्ये मोजणाऱ्या गेममध्ये मराठी नाव चटकन ‘फार लांब’ ठरतं ते यामुळे. नाव लांब नसतं, मोजपट्टी आखूड असते.

खरी गंमत त्या ‘ऱ्ह’मध्ये आहे. पापणीच्या केसासारखा दिसणारा हा अर्धा र मराठीला लागतोच. हिंदीला त्याची गरज पडत नाही. युनिकोडमध्ये तो लिहायच्या एकाहून जास्त वाटा आहेत. एक वाट वर सांगितली ती: द्राविडी भाषांमधला कठीण र देवनागरीत दाखवता यावा म्हणून ठेवलेला ‘ऱ’ घ्यायचा आणि त्याला हलन्त लावायचा. दुसरी वाट: साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य सांधा. ही जुन्या युनिकोडमधली पद्धत, आणि जुने मजकूर मोडू नयेत म्हणून आजही मान्य असलेली. तिसरी: साधा र, खाली नुक्ता, मग हलन्त. पडद्यावर तिन्हींचं रूप तेच. तुमचा कीबोर्ड यातली कुठली वाट धरतो हे तुम्हाला कळतही नाही.

आता समजा कऱ्हाडमधल्या एका मुलीने पहिल्या वाटेने ‘कऱ्हाडकर’ नाव घेतलं आणि इस्लामपुरातल्या एका मुलाने तिसऱ्या वाटेने तेच टाईप केलं. चांगला गेम असेल तर नाव ठेवून घेण्याआधी ते एका गाळणीतून जातं. तिला नॉर्मलायझेशन म्हणतात. एकच अक्षर दोन तऱ्हांनी लिहिलेलं असेल तर ती ते एका ठरलेल्या रूपात आणते. नुक्त्याचा र या गाळणीत पहिल्या वाटेच्या ऱ मध्ये बदलतो, दोन्ही नावं एक ठरतात आणि मुलाला नकार मिळतो. पण त्याने दुसरी वाट घेतली असेल तर? अदृश्य सांध्याचं रूप युनिकोडच्या नियमानुसार पहिल्याशी समान धरलेलं नाही. गाळणी त्याला तसंच पुढे जाऊ देते आणि एका गेममध्ये डोळ्यांना हुबेहूब एक दिसणारे दोन कऱ्हाडकर फिरू लागतात. गाव ‘कराड’ असंही लिहितात. सरकारी पाट्यांवर बहुधा तेच असतं. तेव्हा एका गावाची किती नावं होतात याचा हिशेब तुम्हीच करा.

हाच खेळ फसवणुकीलाही सोयीचा पडतो. इंग्रजी ‘ए’ आणि रशियन लिपीतला ‘ए’ दिसायला एक, आकडे दोन. नावाजलेल्या खेळाडूच्या नावात एक अक्षर रशियन घातलं की तोतया तयार. युनिकोडवाल्यांनी अशा जुळ्या दिसणाऱ्या अक्षरांची लांबलचक यादीच प्रसिद्ध केलेली आहे. शहाणे गेम ती वापरतात, बाकीचे तक्रार यायची वाट बघतात.

समजा अखेर नाव पसंत पडलं, नाव बदलायला गेममध्ये लागतं ते रिनेम कार्ड हाताशी होतं, बटण दाबलं. त्या अर्ध्या सेकंदात काय घडतं?

तुमच्या अख्ख्या कारकिर्दीतला एकच रकाना बदलतो. गेमच्या सर्व्हरवर खेळाडूंचा तक्ता असतो. त्यात प्रत्येकाची एक ओळ, आणि ओळीच्या सुरुवातीला एक आकडा. खेळणारे त्याला यूआयडी म्हणतात, प्रोग्रामर प्रायमरी की म्हणतात. खातं उघडलं त्या क्षणी तो मिळतो आणि पुढे कधी बदलत नाही. तुमची मित्रमंडळी, तुमची हत्यारं, मागच्या वर्षीच्या लढाया, तुमच्याविरुद्ध केलेल्या तक्रारी, या सगळ्या तक्त्यांत तुमचं नाव कुठेच नसतं. असतो तो फक्त आकडा. पडद्यावर दाखवायची वेळ आली की सर्व्हर आकडा घेऊन त्या पहिल्या तक्त्याकडे जातो आणि ‘याला सध्या काय म्हणतात?’ असं विचारून येतो. म्हणून आज नाव बदललं की गेल्या दिवाळीत खेळलेल्या सामन्याच्या निकालातही नवंच नाव दिसायला लागतं. भूतकाळाचंही बारसं होऊन जातं, आणि ते करायला भूतकाळाला बोटसुद्धा लावावं लागत नाही.

मित्राच्या मोबाईलवर काही वेळ जुनंच नाव दिसत राहतं तो बिघाड नव्हे. दर वेळी पहिल्या तक्त्याकडे धावायला नको म्हणून त्याच्या यंत्राने उत्तर थोडा वेळ खिशात ठेवलेलं असतं. खिसा रिकामा झाला की पुन्हा विचारायला जातं.

आणि साताऱ्यातून एकाने व सांगलीतून दुसऱ्याने एकाच क्षणी एकच नाव मागितलं तर? टाय होत नाही. नावांची एक वर्णानुक्रमाने लावलेली सूची असते, तिच्यात ‘एक नाव एकदाच’ असा कडक नियम घातलेला असतो, आणि त्या जागेवर लिहिण्याचा अधिकार डेटाबेस एका वेळी एकालाच देतो. मिलिसेकंदाचा काही भाग आधी पोचलेल्याचं नाव लागतं, दुसऱ्याच्या पडद्यावर तोच नकार येतो. आधी बघायचं नाव मोकळं आहे का आणि मग लिहायचं, असं दोन पावलांत काम करणाऱ्या कच्च्या प्रोग्रॅममध्ये मात्र दोघंही आत घुसतात. तपासणं आणि लिहिणं यांच्यामध्ये फट राहिली की ती कधी ना कधी कोणाला तरी सापडतेच.

हे सगळं इतकं सरळ आहे तर प्लेस्टेशनसारख्या मातब्बर जागी नाव बदलायला बारा-तेरा वर्षं का लागली? सोनीचं ऑनलाइन जाळं २००६ साली सुरू झालं. त्या वेळी घेतलेलं नाव जन्माचं. चौदाव्या वर्षी उत्साहात घेतलेलं नाव लग्न होऊन मुलं झाली तरी कपाळावर. लोक वर्षानुवर्षं विनवण्या करत राहिले आणि नाव बदलायची सोय आली ती एप्रिल २०१९ मध्ये. तीही कशी? पहिली वेळ फुकट, पुढे पैसे, आणि सोबत इशारा की काही गेम बिघडतील, मिळवलेली प्रगती किंवा विकत घेतलेल्या वस्तू जाऊ शकतात. कुठल्या गेमला त्रास होतो याच्या याद्या सोनीलाच द्याव्या लागल्या. कारण साधं होतं. नाव कधी बदलणारच नाही असं गृहीत धरून पुष्कळ गेमनी आपल्या आतल्या नोंदी नावावरच ठेवल्या होत्या. आकड्याचं काम नावाकडून करून घेतलं होतं. आता नाव बदललं की तो गेम तुम्हाला ओळखायलाच तयार नाही, तुमचा माल कोणा जुन्या माणसाच्या नावावर पडून.

माइनक्राफ्टने हीच अडचण उलट क्रमाने सोडवली, आणि मला ती रीत फार आवडते. तिथे सर्व्हर चालवणारे हाकललेल्या खेळाडूंची यादी नावाने ठेवत. तशात नाव बदलायची मुभा दिली असती तर उपद्रवी पोरांची चंगळच झाली असती. म्हणून आधी सगळ्या याद्या नावावरून एका प्रचंड लांब आकड्यावर हलवल्या, आणि मग फेब्रुवारी २०१५ मध्ये नाव बदलायचं दार उघडलं. तीस दिवसांतून एकदा बदला. सोडलेलं नाव सदतीस दिवस राखून ठेवलेलं, त्या मुदतीनंतर ते कोणीही घ्यावं. हे वरचे सात दिवस कशाला? पश्चात्ताप झालेल्याला तिसाव्या दिवशी पुन्हा बदलता येतं, तेव्हा त्याचं जुनं नाव अजून त्याच्यासाठी शिल्लक असावं म्हणून.

नावामागे आकडा ठेवण्याची ही अक्कल संगणकवाल्यांच्याच मालकीची आहे असं मात्र समजू नका. १५ ऑगस्ट १९७२ ला आपल्याकडे पिनकोड सुरू झाला तो रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळणेश्वरच्या श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या डोक्यातून. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. देशात एका नावाची गावं शेकड्यांनी, पत्ते दहा लिप्यांत लिहिलेले. आपल्याकडेच वडगावं किती ते मोजा. वेलणकरांनी नावाच्या भानगडीत न पडता टपाल वाटणाऱ्या कार्यालयाला सहा आकडी अंक दिला. सातारा शहर ४१५००१, सांगली ४१६४१६. मजा अशी की सांगली जिल्ह्यातलं विटा आणि इस्लामपूर ४१५ ने सुरू होतात. आकड्याला जिल्ह्याची हद्द माहीत नाही, टपालाची वाट माहीत आहे. २०२५ मध्ये राज्य सरकारने इस्लामपूरचं ईश्वरपूर करण्याचा निर्णय जाहीर केला. ४१५४०९ या आकड्याला त्याचं सुखदुःख नाही. मुंबईच्या विमानतळाचा तीन अक्षरी संकेत आजही बॉम्बेवरूनच आहे आणि विमानं बरोबर मुंबईत उतरतात.

खरं तर सांगली जिल्ह्यानेच आपलं नाव बदललेलं आहे. १९४९ साली संस्थानं विलीन झाल्यावर जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले. महाराष्ट्र राज्य आल्यावर दक्षिण सातारा सांगली झाला. कृष्णा होती तिथेच वाहत राहिली. आणि साताऱ्याच्या डोक्यावरच्या किल्ल्याचं काय सांगावं! १७०० साली औरंगजेबाने तो घेतला आणि आपल्या मुलाच्या, आझमच्या, नावावरून आझमतारा केला. त्याच वर्षी सज्जनगड पडला, त्याचा नौरसतारा झाला. सज्जनगड हेही बदललेलंच नाव, आधी तो परळीचा किल्ला. पुढे ताराबाईंच्या काळात मराठ्यांनी साताऱ्याचा किल्ला परत घेतला आणि तो अजिंक्यतारा झाला. इथे नाव बदलायचं कार्ड म्हणजे तोफा आणि सुरुंग, आणि ते ज्याच्या हाती त्याने बारसं करायचं. किल्ल्याला कोणी विचारलं नाही.

माणसांच्या नावांतही हा प्रश्न येतोच की कोणी बदलायचं. गेममध्ये उत्तर पक्कं: ज्याच्याकडे पासवर्ड, त्याने. गावात ते तसं नसतं. टोपणनाव स्वतःला स्वतः लावून घेता येत नाही, घ्यायला गेलं तर गाव हसतं. ते चार लोकांनी म्हटलं पाहिजे. कुंडलचे रामचंद्र श्रीपती लाड इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेत होते. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ इंग्रज सरकारच्या पगाराची आगगाडी अडवून लुटणाऱ्यांचे ते म्होरके. २०२२ साली वारेपर्यंत उभ्या मुलखाला ते कॅप्टन भाऊ होते. क्रांतिसिंह हे नाना पाटलांचं बिरुद तसंच लोकांचं. आणि त्यांच्या प्रतिसरकारचं लोकांनी तोंडातोंडी ‘पत्री सरकार’ करून टाकलं, ते तर कोणीच ठरवलं नव्हतं. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवरीचं नवं नाव काढायची आपली रीत बघा. हौस म्हणून छान दिसते, आता पुष्कळ घरांनी ती सोडलीही आहे. पण तांदळावर बोट फिरतं ते नवऱ्याचं, नाव बदलतं ते तिचं.

साताऱ्यात २२ ऑक्टोबर २०११ ला जे झालं ते या सगळ्याच्या बरोबर उलट होतं.

जिल्हा आरोग्य अधिकारी तेव्हा डॉ. भगवान पवार होते. आरोग्य खात्याने गावोगाव शोध घेतला की नकुशी, नकुसा या नावाच्या मुली किती आहेत. मुलगीवर मुलगी झाली की शेवटचीला हे नाव ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होतो, ही समजूत. ज्या राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती आणि २०११ मध्ये ८९४ वर आली, त्या राज्यात ही समजूत नुसत्या नावापुरती राहिली नव्हती, हे उघड आहे. त्या दिवशी साताऱ्यात २८५ मुलींना नवी नावं मिळाली. ठेवणीतले कपडे, वेण्या, पिना, रिबिनी. रांगेत उभ्या राहून एकेकीने नव्या नावाचं प्रमाणपत्र आणि फुलांचा छोटा गुच्छ घेतला. कोणी सिनेमातलं ऐश्वर्या निवडलं होतं, कोणी सावित्री, कोणी वैशाली. निवडलं होतं, हे महत्त्वाचं. आजोबांनी किंवा बापाने लावलेलं नाव काढून, स्वतःच्या पसंतीचं.

मला त्या मुलींची यादी डोळ्यांपुढे आली की गेमच्या तक्त्याचीच आठवण होते, कारण या मुलींचं नाव एका रकान्यात नव्हतं. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये शाईने होतं, आणि तिथे बदल करायला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. रेशन कार्डावर होतं. जन्मनोंदीत होतं, किंवा तो रकाना रिकामाही असू शकत होता, कारण आपल्या कायद्यात मूल नोंदवून नाव नंतर, पंधरा वर्षांपर्यंत, भरता येतं. या वह्यांना एकमेकींची ओळख नव्हती. प्रत्येकीने नाव स्वतःच उतरवून घेतलेलं आणि नावावरूनच माणूस शोधायचा. सोनीच्या जुन्या गेमनी जे केलं तेच आपल्या कचेऱ्यांनी शंभर वर्षं केलेलं. मंचावर प्रमाणपत्र मिळालं म्हणून या वह्या आपोआप बदलत नाहीत. एकेका वहीला जाऊन सांगावं लागतं, आणि वही पुरावा मागते. आणि हो, यातली एकही वही मुलीकडे पासवर्ड मागत नाही. पालकांची सही मागते.

तो पुरावा म्हणजे राजपत्र. प्रतिज्ञापत्र करा, अर्ज करा, फी भरा, मग महाराष्ट्र शासन राजपत्रात आपलं जुनं नाव आणि नवं नाव शेजारी शेजारी छापून येतं. त्याची प्रत घेऊन बँकेत, शाळेत, तहसीलमध्ये फिरायचं. जुना दाखला आणि नवा माणूस यांना जोडणारा सांधा तो एवढाच. पण मग जे नाव कायमचं टाकून द्यायचंय तेच सरकारी छापखान्यात आणखी एकदा छापून घ्यावं लागतं, आणि पुढे प्रत्येक खिडकीवर दाखवावं लागतं. स्टीमवर गेम खेळणाऱ्यांची आधीची नावं एका बाणावर टिचकी मारली की कोणालाही दिसतात, पण तिथे ती यादी पुसून टाकायचं बटणही ठेवलंय. कारण स्टीमला ती यादी कामाची नाहीच, त्याचं काम सतरा आकडी क्रमांकावर चालतं. राजपत्राला असं बटण देता येणार नाही. जुनं नाव पुसलं तर जोडणीच तुटेल.

आपल्याकडे असा क्रमांक आला तो साताऱ्याच्या त्या समारंभाच्या साधारण वर्षभर आधी. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. गेमवाले आपल्या आकड्याला यूआयडी म्हणतात आणि आधार देणाऱ्या प्राधिकरणाचं नावही त्याच तीन अक्षरांनी सुरू होतं, हा निव्वळ योगायोग नाही, कल्पना एकच आहे. बारा आकडे, त्यात तुमचं गाव, जात, जन्मसाल काहीही लपलेलं नाही, शेवटचा आकडा नुसता टाईप करताना झालेली चूक पकडायला. नाव बदललं तरी क्रमांक तोच. कार्डावर फक्त आजचं नाव छापतात, आधी काय होतं ते समोरच्याला दिसत नाही. आधारचे वाद पुष्कळ आहेत आणि ते खरेही आहेत, पण एखाद्या नकुशीच्या बाजूने पाहिलं तर ही एक गोष्ट राजपत्रापेक्षा दयाळू आहे. बँकेने क्रमांक बघावा, नवं नाव वाचावं आणि पुढचं गिऱ्हाईक घ्यावं.

फक्त गेमसारखी इथेही मर्यादा आहे. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. माइनक्राफ्ट तीस दिवसांनी पुन्हा बदलू देतं. नकुशीची ऐश्वर्या होताना त्यातली एक संधी संपते. लग्नानंतर आडनाव बदललं की दुसरी संपते. पुढे घटस्फोट झाला, माहेरचं नाव परत हवं झालं, किंवा कारकुनाने ऱ्ह च्या जागी नुसता र टाकून ठेवला, तर प्राधिकरणाच्या विभागीय कार्यालयात अपवादाचा अर्ज करायचा, आणि सोबत राजपत्राची प्रत जोडायची.